पणजीचे नाव : बेने इस्रायलांची मौखिक साक्ष आणि इस्रायलमधील त्यांचे स्थान

मराठी इतिहाससंशोधनाची जडणघडण कागदाच्या आधारावर झाली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींची जी कठोर तपासणी केली, तेव्हापासून अस्सल पत्र हे प्रथम दर्जाचे साधन आणि ऐकीव वृत्तान्त हे अखेरच्या दर्जाचे, अशी एक उतरंड मराठी अभ्यासकांच्या मनात पक्की झाली. राज्यकारभाराच्या इतिहासापुरती ही उतरंड बहुतांशी योग्यच आहे. ज्या समाजाकडे दप्तर आहे त्याच्याबाबत ती उपयोगी पडते. परंतु ज्याच्याकडे दप्तर नाही, सनद नाही, वंशावळ लिहून ठेवणारा भाट नाही, अशा समाजावर एके दिवशी आपण कोण हे सिद्ध करण्याची पाळी आली, तर त्याने पुढे काय करावे? मराठी बोलणाऱ्या एका समाजावर ही पाळी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर खरोखरीच आली. आणि ती महाराष्ट्रात नव्हे, तर समुद्रापलीकडे, त्याने स्वखुशीने आपला मानलेल्या देशात आली.

स्थलांतरितांना नव्या समाजात सामावून घेण्याच्या कामी त्यांच्यातील वृद्धांच्या आठवणी टिपून ठेवाव्या आणि त्यांचा उपयोग करावा, हा विचार अलीकडे अनेक देशांत मान्य झाला आहे. मौखिक इतिहास ही अभ्यासशाखा पॉल थॉम्पसन यांच्या १९७८ सालच्या ‘द व्हॉइस ऑफ द पास्ट’ या ग्रंथानंतर विद्यापीठांत स्थिरावली. मुंबईच्या गिरणगावाविषयी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने मराठी वाचकालाही तिचा परिचय झाला. तथापि या विचाराचे पुरस्कर्ते एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती ही की म्हाताऱ्या माणसाला त्याची हकीकत विचारणे हे नेहमी त्याच्या भल्याचेच असते. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायल समाजाचा अनुभव या गृहीताला छेद देतो. त्या समाजातील वृद्धांना त्यांच्या पूर्वजांविषयी दोनदा विचारले गेले. दोन्ही वेळा प्रश्न जवळजवळ एकच होता. पहिल्या वेळी त्या प्रश्नाने त्यांना समाजाबाहेर उभे केले. दुसऱ्या वेळी त्याच प्रश्नाने त्यांना आत घेतले. हा फरक कशाने पडला, हे पाहण्यासारखे आहे.

बेने इस्रायल हे कोकणातले, मुख्यत्वे पूर्वीच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले यहुदी. त्यांची मातृभाषा मराठी, व्यवसाय तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याची रीत. त्यामुळे शेजारचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, नवगावकर अशी त्यांची आडनावे शंभरावर गावांची आठवण सांगतात. अठराव्या शतकापासून ते मुंबईत येऊ लागले, कंपनीच्या फौजेत शिरले, पुढे रेल्वे, टपाल, इस्पितळे आणि सरकारी कचेऱ्या यांत नोकरीस लागले. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, यांनी १७९६ साली मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. जुन्या पिढीच्या तोंडी या मंदिराला ‘मशीद’ असाच शब्द होता, आणि मुंबईतील मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे वृद्ध लोक सांगत आले आहेत. त्यापूर्वीच्या काळासंबंधी या समाजाने स्वतः लिहिलेला असा कागद जवळजवळ नाही. आहे ती केवळ सांगी.

या सांगीवांगीचा मुख्य गाभा सर्वश्रुत आहे. फार पूर्वी उत्तरेकडून येणारे एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यालगत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते त्यांनी नवगावी दोन ढिगाऱ्यांत पुरली. पोथ्या बुडाल्या आणि कालांतराने हिब्रू भाषाही विस्मरणात गेली. राहिले ते शेमा या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द, सुन्नत, शनिवार आणि खाण्यापिण्याचे काही नियम. पुढे केव्हातरी दावीद राहबी नावाचा एक परदेशी यहुदी आला. त्याने बायकांपुढे नाना जातींचे मासे टाकले आणि त्यांतले पंख व खवले असलेले मासे त्यांनी बिनचूक वेगळे केले, तेव्हा हे आपलेच लोक अशी त्याची खात्री पटली. कागद मागणाऱ्या संशोधकाला ही कथा पुरावा वाटणार नाही. शिवाय चौदा माणसे, गलबत फुटणे आणि प्रेते किनाऱ्याला लागणे हे तपशील सह्याद्रिखंडातील चित्पावनांच्या उत्पत्तिकथेशी इतके जुळतात, की एकाच किनाऱ्यावरच्या दोन समाजांनी एकाच घाटाची कथा आपापल्या परीने वापरली असावी, हे मान्य करणेच प्राप्त आहे. परंतु एवढ्याने कथा निरुपयोगी ठरत नाही. कोकणात पूर्वज कसे सांगावेत याचा जो संकेत होता, तो या समाजाने पूर्णपणे आत्मसात केला होता, ही गोष्ट तिच्यावरून कळते. आणि सामावले जाणे म्हणजे काय, याचा याहून बोलका दाखला दुसरा मिळणे कठीण.

मौखिक साधनाचे खरे बळ मात्र अशा मोठ्या कथांत नसते. ते असते सांगणाऱ्याला स्वतःला महत्त्वाच्या न वाटणाऱ्या शब्दांत. बेने इस्रायल घरांतील वृद्ध स्त्रिया सणांना जी नावे देत, ती याची उत्तम उदाहरणे होत. यहुदी वर्षारंभ हा त्यांचा ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा मोठा उपवास तो ‘दारफाळणीचा सण’. कारण त्या दिवशी दारे लावून घेऊन, शुभ्र वस्त्रे नेसून, कुणाचा स्पर्श न होऊ देता सारे घर आत बसे. त्याच्या दुसऱ्या दिवसाला ‘शिळा सण’ म्हणत. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक ज्या दिवशी करावयाचा, तो ‘बिरड्याचा रोजा’. त्या उपवासाच्या संबंधाने वालाचे बिरडे खाल्ले जाई म्हणून. वल्हांडणाला तर आंबवणाचे भांडे झाकून ठेवण्यावरून नाव पडले होते. नव्याच्या सणापूर्वीच्या महिनाभराच्या उपासाला ‘रमजान’ म्हणत, आणि प्रार्थनेला नमाज.

या नावांत तीन थर स्पष्ट दिसतात. आतला आशय यहुदी, त्यावर मराठी स्वयंपाकघराचे आवरण, आणि धर्माचरणाची परिभाषा मात्र कोकणातील मुसलमान शेजाऱ्यांची. नवशिक्षित पिढीने एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि कोचीनच्या शिक्षकांकडून हिब्रू नावे शिकून घेतली आणि ही जुनी नावे अडाणी म्हणून टाकून दिली. ती टिकली आज्यांच्या तोंडी. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. त्यांत त्यांनी या नावांची नोंद केली आणि तिच्यावर एक अनुमानही उभारले. हनुक्का या सणाला जुने मराठी नाव नाही, तो सण समाजाला ठाऊकच नव्हता. सबब तो सण सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यापूर्वी, पूर्वजांनी मायदेश सोडला असावा, असे त्यांचे म्हणणे. ही कालगणना न मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत, आणि अभावावरून काढलेले अनुमान नेहमीच पांगळे असते हेही खरे. परंतु पद्धती लक्षात घेण्यासारखी आहे. मौखिक इतिहास हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी एका मराठीभाषी गृहस्थाने वृद्धांच्या बोलण्यातील शब्द हे साधन म्हणून वापरले होते.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले, १९५० साली जगातील कोणाही यहुद्याला तेथे येऊन राहण्याचा हक्क देणारा कायदा झाला, आणि सुमारे वीस हजारांच्या या समाजातील कुटुंबे जहाजाने व विमानाने तिकडे जाऊ लागली. ती कोणत्याही छळाला भिऊन गेली नाहीत. यहुदी म्हणून भारतात त्यांना कधी त्रास झाला नाही, हे त्यांनी आणि इतरांनीही वारंवार नमूद केले आहे. पुढील दोन दशकांत त्यांची वस्ती बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा, मोठ्या शहरांपासून बाजूला पडलेल्या किंवा नव्याने वसविलेल्या गावांत झाली. मुंबईत कचेरीत बसणाऱ्या माणसाला वाळवंटात मजुरी करावी लागली. रंगावरून भेदभाव होतो अशी तक्रार उठली. १९५१ च्या अखेरीस काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये यहुदी एजन्सीच्या कचेरीपुढे ठिय्या दिला आणि आम्हांला परत भारतात पाठवा अशी मागणी केली. त्या आंदोलनाची धाटणी सत्याग्रहाची होती, हे कोणाही भारतीयाला तात्काळ ओळखू यावे. १९५२ ते १९५४ या काळात तीनशेंहून अधिक लोकांना परत पोचविण्यात आले. आणि त्यांतील बहुतेक काही वर्षांत पुन्हा इस्रायललाच गेले.

त्या देशात नवागताला सामावून घेण्याच्या क्रियेला ‘क्लिता’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ शोषून घेणे. १९६८ साली याच कामासाठी जे स्वतंत्र मंत्रालय निघाले, त्याच्या नावातही तो आहे. मराठी ‘सामावणे’ आणि हा शब्द यांत मोठे अंतर आहे. सामावलेली वस्तू आत गेल्यावरही वस्तू राहते. शोषलेले द्रव्य दिसेनासे होते. शब्दावरून धोरण ठरते असे नव्हे, परंतु त्या दोन दशकांतील धोरण या शब्दाला धरूनच होते. नवागताने हिब्रू शिकावी, जुने कपडे, जुनी बोली, जुनी आठवण मागे टाकावी, अशी अपेक्षा असे. आणि ती अपेक्षा म्हाताऱ्यांकडून कमी, मुलांकडून अधिक, म्हणून घराघरांत आजी-आजोबा हे जणू मागे राहिलेले सामान ठरत.

अशा परिस्थितीत वृद्धांना पहिल्या वेळी प्रश्न विचारला गेला. इस्रायलमध्ये यहुद्यांचे विवाह व घटस्फोट १९५३ च्या कायद्याने धर्मपीठाच्या अधिकारात आले आहेत. नागरी विवाहाची सोय तेथे नाही. काही धर्माधिकारी बेने इस्रायल वधूवरांचे इतर यहुद्यांशी विवाह लावण्यास नकार देऊ लागले. त्यांची शंका अशी की, शेकडो वर्षे धर्मपंडितांवाचून राहिलेल्या या समाजात घटस्फोट आणि विधवांचे पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील का? झाले नसतील तर अशा स्त्रीच्या पुढील विवाहातील संततीला दोष लागतो, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. ऑक्टोबर १९६१ मध्ये प्रमुख धर्मपीठाने निर्णय दिला की या समाजाशी विवाह करण्यास मूलतः प्रत्यवाय नाही. परंतु १९६२ च्या आरंभी विवाह नोंदविणाऱ्यांस ज्या सूचना पाठविण्यात आल्या, त्यांनी एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले. बेने इस्रायल वधू किंवा वर बाहेरच्या यहुद्याशी विवाह करू पाहील, तर त्याची आई, आईची आई, आणि त्यामागे शक्य असेल तितक्या मागे, यहुदी होती काय, आणि पूर्वजांत कुणाचा घटस्फोटानंतर पुनर्विवाह किंवा निषिद्ध नात्यात विवाह झाला होता काय, याची चौकशी करावी, असे त्यांत होते.

‘शक्य असेल तितक्या मागे’ या शब्दांना कागदावर काही वजन दिसत नाही. त्यांचा प्रत्यक्ष अर्थ असा होता, की तरुण मुलामुलीचे लग्न ठरले की घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीने आपली स्मरणशक्ती धर्माधिकाऱ्यापुढे परीक्षेला बसवावी.

ही परीक्षा या समाजातील वृद्धांना उतरणे अशक्य होते, आणि त्याचे कारण त्यांच्या स्मरणशक्तीत नव्हते, कोकणातील नामव्यवहारात होते. पुरुषांची हिब्रू नावे कोकणात येऊन बदलली: सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहामचा आबाजी, बेंजामिनचा बनाजी झाला. जुन्या पिढ्यांतील स्त्रियांची नावे तर बहुधा मराठीच असत. आडनाव बापाच्या गावाचे. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली की तिच्या माहेरचे गाव तिच्या मुलांच्या नावात उरत नसे. तिच्या आईचे तर त्याहून नाही. म्हणजे मराठी समाजरचनेत स्मरण वाहते ते बापाच्या गावाकडून. आणि धर्मपीठाला हवी होती ती आईची आई, तिची आई. चार पिढ्यांपूर्वीच्या पणजीचे मराठी नाव एखाद्या वृद्धेने सांगितलेच, तरी ते नाव यहुदी स्त्रीचे होते हे कशावरून? ज्या गोष्टीचा पुरावा कुणी कधी ठेवलाच नव्हता, नेमकी तीच मागितली गेली. कोकणातल्या कोणत्याही जातीतील माणसाला हा प्रश्न विचारला असता, तर तोही निरुत्तर झाला असता.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे एक सामान्य गोष्ट स्पष्ट होते. कथन हे प्रश्नाच्या साच्यात ओतले जाते. ‘तुमच्या आजीचे नाव काय?’ या प्रश्नाला गाव, शेजार, सणवार, लग्नाची मिरवणूक, मलिद्याचे ताट असे उत्तर मिळू शकते, जर विचारणारा थांबून ऐकणार असेल. त्याच प्रश्नाला होय किंवा नाही एवढेच उत्तर हवे असेल, तर सांगणाऱ्याची सारी आठवण बाजूला पडते आणि त्याचे मौन तेवढे नोंदले जाते. मौनाला मग संशयाचा अर्थ येतो. १९६२ च्या सूचनांनी वृद्धांच्या आठवणीचा उपयोग केला नाही, असे म्हणता येणार नाही. उपयोग केलाच, परंतु आठवणीतील भोके मोजण्यासाठी.

या सूचनांविरुद्ध दोन वर्षे चळवळ झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्रायल कुटुंबे जेरुसलेमला जमली आणि त्यांनी पुन्हा ठिय्या दिला. सुटी असतानाही ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेची खास बैठक भरली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदीच होत, त्यांना वेगळे काढता येणार नाही, अशी भूमिका घेतली. त्यानंतर धर्मपीठाने सूचनांतून समाजाचे नाव काढले आणि ज्याच्या कुळाविषयी संशय असेल अशा कोणाहीविषयी चौकशी करावी, असे सामान्य शब्द घातले. शब्द बदलले, चौकशीचा अधिकार राहिला. तरीही नाव निघाले याचे महत्त्व थोडे नव्हे. या विजयात वृद्धांच्या कथनाचा काही भाग नव्हता, हे प्रांजळपणे नोंदवावयास हवे. तो लोकशाही राज्यातील संघटित दबावाचा विजय होता. मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांनी आपल्या साधनाला राजकारणाची जागा देऊ नये.

दुसऱ्या प्रकारची विचारणा हळूहळू, आणि निरनिराळ्या दिशांनी झाली. डोव्ह नॉय यांनी १९५५ साली हैफा येथे लोककथांचा एक संग्रह सुरू केला होता. देशोदेशींहून आलेल्या नवागतांच्या तोंडून कथा लिहून घ्यावयाच्या, सांगणाऱ्याचे नाव व मूळ देश टाकावयाचा, एवढेच त्याचे स्वरूप. आज त्यात वीस हजारांहून अधिक कथा आहेत आणि २०१७ साली युनेस्कोने त्याचा जागतिक स्मृतिनोंदीत समावेश केला. ज्या दशकात शासनाचे धोरण जुने विसरा असे सांगत होते, त्याच दशकात एक अभ्यासक जुने सांगा असे म्हणत वसाहतींतून माणसे हिंडवीत होता, ही विसंगती मोठी उद्बोधक आहे. पुढे शाल्व्हा वील यांनी लोद गावातील बेने इस्रायलांमध्ये राहून केलेला अभ्यास १९७७ साली ससेक्स विद्यापीठाला प्रबंध म्हणून सादर झाला. मैना चावला सिंह यांचा २००९ सालचा ग्रंथ तर बव्हंशी भारतातून गेलेल्या पहिल्या पिढीच्या मुलाखतींवरच आधारलेला आहे, आणि त्यात स्त्रियांच्या कथनाला प्रथमच पुरेशी जागा मिळाली. १९८० च्या दशकात ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्रायलमध्येच निघू लागले. ज्यांना हिब्रूत आपले म्हणणे नीट मांडता येत नव्हते, अशांना त्याने छापील जागा दिली.

परंतु सर्वांत मोठा फरक केला तो शाळेने. इस्रायली शाळांत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ‘शोराशिम’, म्हणजे मुळे, या नावाचे एक काम करावे लागते. मुलाने आपल्या आजी-आजोबांना विचारून कुटुंबाचा इतिहास लिहावयाचा: कोठून आलात, तेथे काय करीत होतात, घर कसे होते, कसे आलात, काय आणले. वर्गात मोरोक्को, पोलंड, इराक, रुमानिया येथून आलेल्यांची नातवंडे शेजारी शेजारी बसलेली असतात आणि प्रत्येकाला हेच काम. म्हणजे विचारले जाणे हे येथे संशयाचे चिन्ह नसते. १९६२ साली फक्त बेने इस्रायलांना त्यांची पणजी विचारली गेली. या कामात ती सर्वांना विचारली जाते. मुलाला आजीचे उत्तर आले नाही तर आजीवर ठपका येत नाही. मुलाची वही तेवढी अपुरी राहते. आणि या कामामुळे घरातील उतरंड काही दिवसांपुरती का होईना उलटी होते. हिब्रू अडखळत बोलणारी आजी ही एकाएकी ज्ञानाचा ठेवा ठरते. पोहे, नारळ आणि फळे मांडून केलेला एलियाहू नबीचा मलिदा हा मुंबईच्या खोलीतला विधी. त्याच एलियाहूची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर दाखवितात, आणि हैफाच्या डोंगरात त्याची गुहा आहे. इस्रायलमध्ये आलेले बेने इस्रायल नवसाला त्या गुहेकडे जाऊ लागले. कोकणातल्या खडकापासून हैफाच्या गुहेपर्यंतचा हा धागा वृद्धांच्या सांगण्याखेरीज नातवंडाला कळण्याचा दुसरा मार्ग नाही. आणि तो कळला की आपले घर या देशाला परके नाही, हे त्याला कुणी वेगळे सांगावे लागत नाही.

कोचीनच्या यहुदी स्त्रियांचे उदाहरण येथे ओघाने आठवते. त्यांची मलयाळम गीते वह्यांत आणि वृद्धांच्या कंठात होती. इस्रायलमधील शेतवसाहतींत ती मावळू लागली होती. बार्बरा जॉन्सन आणि स्कारिया झकरिया यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती ध्वनिमुद्रित केली, अर्थ लावला, २००४ साली त्यांतील निवडक गीते प्रसिद्ध केली, आणि पन्नाशी-साठी उलटलेल्या स्त्रिया पुन्हा एकत्र जमून ती गाऊ लागल्या. बेने इस्रायलांच्या मराठी कीर्तनांची स्थिती तशीच आहे. हिंदू कीर्तनाच्या पूर्वरंग-उत्तररंगाच्या धाटणीवर योसेफाची किंवा मोशेची कथा सांगण्याची ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. तिची पदे ज्यांना चालीवर म्हणता येतात, असे लोक थोडे उरले आहेत.

वृद्धांचे कथन मोलाचे म्हणून ते चिकित्सेवाचून स्वीकारावे, असे मात्र नाही. या समाजाच्या मुलाखती वाचताना काही वाक्ये इतक्या एकसारख्या रीतीने येतात की ती स्मृतीपेक्षा बाजू मांडणे अधिक वाटावे. आम्ही भिऊन नव्हे, भक्तीने आलो. तेथे आम्हांला कुणी यहुदी म्हणून त्रास दिला नाही. ही विधाने खरीच आहेत. परंतु ती इतक्या आग्रहाने सांगितली जातात याचे कारण ऐकणारा देश आहे. तेथे छळ सोसून येणे ही एक प्रकारची प्रतिष्ठा ठरली होती, आणि छळावाचून आलेल्याला आपल्या येण्याचे कारण द्यावे लागत होते. याउलट काही गोष्टींविषयी मौन असते. या समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन वर्ग होते. अन्य जातीतील स्त्रीपासून झालेली संतती ती ‘काळी’, आणि पूर्वी दोहोंत बेटीव्यवहार नसे. इस्रायलमध्ये स्वतःवर रंगभेदाचा आणि कुलसंशयाचा प्रसंग आलेल्या वृद्धांनी ही भेदरेषा सांगण्याचे टाळले तर त्यात नवल नाही. शिवाय १९६२ च्या चौकशीची छाया या मौनावर पडलेली आहे. ज्याला एकदा पुरावा म्हणून ऐकले गेले, तो पुढे कितीही सहृदय श्रोता आला तरी काही काळ पुरावाच देत राहतो. संशोधकाने हे ओळखून, अशा जागी पुन्हा पुन्हा खोदत न बसता दुसऱ्या दाराने जावे: स्वयंपाक, सण, शेजार, नोकरी.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक संशोधनाने बेने इस्रायलांत मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वंशांश लक्षणीय प्रमाणात आहेत, आणि त्यांचा मिलाफ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला, असा निष्कर्ष काढला. समाजात त्याचे स्वागत झाले हे समजण्यासारखे आहे. परंतु प्रयोगशाळेच्या दाखल्याने आजीच्या सांगण्याला अखेर मान्यता मिळाली, असा जो सूर त्या वेळी वृत्तपत्रांत निघाला, तो चमत्कारिक होता. आजी जे सांगत होती ते रक्ताविषयी नव्हतेच. ते एका घराच्या चालीरीतींविषयी होते, आणि त्याची शहानिशा रक्तातून होत नाही.

आता प्रश्न उरतो तो भाषेचा, आणि तो निकडीचा आहे. पन्नासच्या दशकात प्रौढ वयात गेलेली पिढी जवळजवळ संपली; साठच्या दशकात तरुणपणी गेलेले आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या नातवंडांना मराठी येत नाही. मुलाखत हिब्रूत घेतली तर वृद्ध माणूस आपल्या दुसऱ्या भाषेत, तिच्या थोड्या शब्दांत, बोलतो. घटना येतात, घर येत नाही. मराठीत घेतली आणि नातवंडाने हिब्रू लिपीत लिहून ठेवली, तर त्या लिपीत ट-त, ड-द यांचा भेद दाखविण्याची सोय नाही, महाप्राण नाहीत, ळ नाही. ‘वेळ’ आणि ‘वेल’ तेथे एकच होतात. इकडे महाराष्ट्रात ती ध्वनिफीत एखाद्या विद्यार्थ्याने प्रमाण मराठीच्या आधारावर उतरविली, तरी धोका टळत नाही. ‘फाळणी’ हा शब्द आज देशाचे किंवा मालमत्तेचे तुकडे करण्यापुरता उरला आहे. ‘दारफाळणीचा सण’ ऐकून तो विद्यार्थी दार चिरण्याचा काही विधी कल्पील, आणि दार लावून आत बसलेले, शुभ्र वस्त्रांतले घर त्याला दिसणार नाही. कुलाबा जिल्ह्यातील बोलीचे शब्द ज्यांना ठाऊक आहेत अशा मराठीच्या अभ्यासकांनी या ध्वनिफिती देवनागरीत उतरवाव्या, आणि प्रत्येक अडलेल्या शब्दाचा अर्थ ज्याने तो उच्चारला त्यालाच विचारून घ्यावा. हे काम सांगणारे हयात आहेत तोवरच होऊ शकते.